तांब्याची खाण बंद पडल्यावर त्या गावाचं पुढे काय होतं?

बहुतेक गावं ओस पडतात. पण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं जेरोम तगलं, म्हणून त्याचंच उदाहरण देतो.

डोंगराच्या अंगावर, साधारण १,५०० मीटर उंचीवर वसलेलं हे गाव. तांब्याच्या भरभराटीत इथे हजारो लोक राहत. १९५३ साली खाण बंद झाली आणि जेमतेम शंभरेक माणसं उरली. माझ्या मते खरी कमाल या उरलेल्यांची. त्याच वर्षी त्यांनी जेरोम हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन केली आणि रिकाम्या इमारती जपायला घेतल्या. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत स्वस्त घरं बघून चित्रकार, कुंभारकाम करणारे असे लोक येऊन राहिले.

२०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ४६४. पोट मुख्यतः पर्यटनावर. जुन्या हायस्कूलच्या वर्गांत आता कलाकारांचे स्टुडिओ आहेत. खाणीच्या खुणा मात्र पदोपदी दिसतात: पोखरलेली जमीन आणि सुरुंगांचे हादरे यांमुळे घरं सरकली, आणि गावचा तुरुंग तर मूळ जागेपासून सुमारे २०० फूट घसरत खाली आला. तो आजही तिथेच बघायला मिळतो.

एवढ्याशा वस्तीला पर्यटकांची गर्दी झेपवणं सोपं नाही. रस्ते अरुंद, नागमोडी आणि पार्किंगला जागा कमी. तिकडे जाणार असाल तर सुट्टीचे दिवस टाळा आणि १९१६ साली खाणमालक डग्लस यांनी बांधलेला बंगला जरूर बघा. तिथे आता खाणीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.