वडिलांना स्टेंट बसवलाय, डायक्लोफेनॅक खरंच बंद करायची का?

तुमचे वडील गुडघेदुखीसाठी दहा वर्षं डायक्लोफेनॅक ही गोळी घेत होते, गेल्या वर्षी स्टेंट बसला आणि आता हृदयाचे डॉक्टर ती गोळी नको म्हणतात. तुमचं म्हणणं, एवढी वर्षं चालली, मग आताच काय झालं? मी डॉक्टर नाही. एकोणीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे, आणि हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

गोळी तीच आहे. वडिलांचं हृदय आता तेच राहिलेलं नाही.

2004 साली व्हायॉक्स नावाची दुखण्यावरची गोळी हार्ट अटॅकचा धोका दिसल्यामुळे जगभरातून मागे घेतली गेली. मग जुन्या गोळ्यांकडेही त्याच नजरेनं पाहिलं जाऊ लागलं, तेव्हा डायक्लोफेनॅकचा स्वभाव बराचसा व्हायॉक्सच्या जातीचा निघाला. 2013 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी नियम कडक केले: हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर, लकवा किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असेल तर ही गोळी द्यायचीच नाही. बाकीच्यांना कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. त्यांनी मांडलेला हिशेब असा, की हृदयविकाराचा मध्यम धोका असलेल्या 1000 माणसांत वर्षाला 8 जणांना अटॅक येत असेल, तर ही गोळी घेणाऱ्यांत 11 जणांना येईल. तीनच जास्त, हे खरं. पण स्टेंटवाल्या माणसानं त्या तिघांत जायची जोखीम कशाला घ्यायची? ब्रिटनमध्ये 2015 पासून ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

आपल्याकडे कागदावर तर ती आधीपासूनच चिठ्ठीची. प्रत्यक्षात गिऱ्हाईक खिशातून गोळ्यांच्या पट्टीचा चुरगळलेला तुकडा काढतं, "ह्यातल्या चार द्या". तुकड्यावर नावाची शेवटची तीन अक्षरं. सुरुवातीच्या वर्षांत मीही दिल्यात, खोटं कशाला बोलू. आता आधी विचारतो, बीपीची, हृदयाची काही चालू आहे का? निम्मे लोक चिडतात.

(गंमत बघा, गुरांना डायक्लोफेनॅक द्यायला 2006 मध्येच बंदी आली, कारण ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती. माणसांच्या इंजेक्शनची मोठी बाटली गुरांसाठी वापरली जायची, म्हणून 2015 मध्ये तीही बंद करून 3 मिलीपुरतीच ठेवली.)

आता तुमच्या घरचं. वडिलांच्या डब्यातली प्रत्येक पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. नाव वेगळं असतं आणि आत पुष्कळदा डायक्लोफेनॅक 50 मिग्रॅ, पॅरासिटामॉल 325 मिग्रॅ असतं. नुसतं पॅरासिटामॉल किंवा गुडघ्याला लावायची जेल चालेल का, हे त्याच डॉक्टरांना विचारा; जेलमधलं औषध रक्तात फार कमी उतरतं. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात, त्यावर ही गोळी पडली की पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर किडनीवरही ताण येतो. पाय सुजले तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

आणि एक. "ॲस्पिरिनसुद्धा पेनकिलरच ना" म्हणून काही जण तीही बंद करतात. 75 मिलिग्रॅमची ती गोळी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती एक दिवसही चुकवू नका.