मुरुमांचे खड्डे, लेसर आणि लग्नाची तारीख

प्रश्न : माझे वय २७ वर्षे असून रंग सावळा आहे. महाविद्यालयात असताना आलेल्या मुरुमांमुळे दोन्ही गालांवर खड्डे राहिले आहेत आणि त्वचा खडबडीत दिसते. हनुवटीजवळ अजूनही अधूनमधून मुरूम येतात व त्यांचे काळे डाग बरेच महिने जात नाहीत. येथील एका सौंदर्य केंद्रात मला कार्बन डायऑक्साइड लेसर सुचवण्यात आले असून एकाच बैठकीत चेहरा गुळगुळीत होईल, असे सांगितले आहे. मार्गशीर्षात माझे लग्न आहे, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने उरले आहेत. लेसरने चेहरा आणखी काळा पडेल, अशी आईला भीती वाटते. मी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या आईंची भीती रास्त आहे. हे लेसर आपण लग्नाआधी करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लग्नानंतरही ते करायचे की नाही, हे आपल्या गालांवर कोणत्या प्रकारचे खड्डे आहेत ते तपासूनच ठरवावे लागेल.

या लेसरचा किरण त्वचेतील पाण्यात शोषला जातो आणि त्या उष्णतेने त्वचेत अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. २००४ पासून पुढे आलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत दोन छिद्रांमधली त्वचा शाबूत ठेवली जाते. तिच्या आधाराने वरची जखम साधारण आठवडाभरात भरून येते आणि आतल्या थरात पुढे कित्येक महिने नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, तयार होत राहते. (हे लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधून काढणारे डॉ. कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.) संपूर्ण पृष्ठभाग सोलून काढणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा ही पद्धत आपल्या त्वचेला पुष्कळ मानवते, पण तीत धोका मुळीच नाही असे नव्हे. उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते त्यावरून अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी केलेल्या सहा प्रकारांपैकी बहुतेक भारतीयांची त्वचा तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात मोडते, आणि अशा त्वचेतील रंगपेशी उष्णतेने किंवा जखमेने चेतवल्या गेल्या की जास्तीचे रंगद्रव्य तयार करतात. मुरूम बरा झाल्यावर आपल्याला काळा डाग उरतो तो याच कारणाने, आणि लेसरनंतर तसेच होण्याची शक्यता आपल्या बाबतीत अधिक धरावी लागेल. असा काळेपणा बहुधा कायमचा नसतो, पण तो जायला काही महिने लागतात, आणि नेमके तेवढे महिने आपल्या हाताशी नाहीत.

आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हनुवटीवरच्या मुरुमांविषयीचे वाक्य. मुरूम येत असताना खड्ड्यांवर उपचार केले, तर एकीकडे जुने खड्डे भरत असतात आणि दुसरीकडे नवे पडत असतात. म्हणून आधी मुरूम पूर्ण आटोक्यात आणावेत. या वयात ते हनुवटी व जबड्यालगतच येत असतील आणि सोबत पाळीही अनियमित असेल, तर संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवल्यास आपले लग्न ठरले आहे हे त्यांना आवर्जून सांगा, कारण या गोळ्यांमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. त्या चालू असताना आणि थांबवल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये.

आता खड्ड्यांविषयी. सुई टोचल्यासारख्या अरुंद आणि खोल खड्ड्यांच्या तळापर्यंत लेसरचा परिणाम नीट पोहोचत नाही. तेथे तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा थेंब केवळ त्या खड्ड्यात लावणे किंवा तो खड्डा छोट्या शस्त्रक्रियेने काढून टाकणे अधिक उपयोगी पडते. काही ठिकाणी त्वचा आतून तंतूंनी खाली ओढली गेल्यामुळे पृष्ठभाग लाटांसारखा दिसतो. हे तंतू सुईने मोकळे करावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात, आणि ते न करता वरून कितीही लेसर मारले तरी फरक थोडाच पडतो. उभ्या कडांच्या, रुंद आणि फार खोल नसलेल्या खड्ड्यांना मात्र लेसरचा चांगला उपयोग होतो. बहुतेक चेहऱ्यांवर हे तिन्ही प्रकार एकत्र असतात, त्यामुळे एका यंत्राने आणि एका बैठकीत सारे साधेल हे आश्वासन मला मान्य नाही. महिना-दीड महिन्याच्या अंतराने तीन-चार बैठका धराव्यात. त्यानंतरही खड्डे उथळ होतात, पूर्ण पुसले जात नाहीत. आपल्यासारख्या त्वचेत मी अनेकदा सूक्ष्म सुयांच्या उपचाराला, म्हणजे मायक्रोनीडलिंगला, प्राधान्य देते, कारण त्यात उष्णता नसल्याने काळे पडण्याचा धोका कमी असतो.

उपचार कोठेही घ्या, पण करणारी व्यक्ती त्वचारोगशास्त्राची पदवी किंवा पदविका घेतलेली आणि वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असलेली असावी. ओठांवर नागीण येऊन गेली असेल, जखमेचे व्रण वाढून जाड होत असतील किंवा गोरेपणासाठी एखादे मिश्र क्रीम लावत असाल, तर ते आधी सांगा. अशा क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते आणि त्याने चेहऱ्याची त्वचा पातळ व नाजूक झालेली असते. लेसर करायचेच ठरले, तर प्रथम कानाजवळच्या छोट्या जागेवर चाचणी घेण्याचा आग्रह धरा.

तूर्त या तीन महिन्यांत मुरुमांचा उपचार, रोज किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास सॅलिसिलिक आम्लाचे सौम्य पील, म्हणजे त्वचेचा अगदी वरचा थर हलकेच काढणारा लेप, एवढे पुरेसे आहे. डाग फिके झाले की खड्डेही कमी नजरेत भरतात. लग्नाच्या आधीच्या तीन आठवड्यांत चेहऱ्यावर कोणताही नवा प्रयोग नको. आणि हळदीच्या दिवशी चेहऱ्यावर ताजी जखम किंवा सोललेली त्वचा असेल, तर हळद तेवढी जागा सोडून लावण्यास घरच्यांना सांगा.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारा डर्मारोलर घरी वापरून खड्डे भरतील का? माझी बहीणही तोच वापरते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. घरगुती रोलरच्या आखूड सुया खड्ड्याच्या थरापर्यंत पोहोचत नाहीत, आणि लांब सुयांचा रोलर घरी निर्जंतुक ठेवणे शक्य नसते. दवाखान्यात साधारण दीड ते दोन मिलिमीटर लांबीच्या सुया बधिरतेचे मलम लावून वापरतात आणि एका रुग्णाला वापरलेल्या सुया दुसऱ्याला वापरत नाहीत. एकच रोलर दोघींनी वापरणे आजच थांबवा, कारण त्यातून रक्तावाटे पसरणारे संसर्ग होऊ शकतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये अशाच सुयांच्या फेशियलमधून महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये नोंदवले आहे. आतापर्यंत झालेल्या वापराबद्दल आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला आणि दोघींनीही हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही या रक्तचाचण्यांबाबत त्यांचा सल्ला घ्या.