आधी एक पान नीट वाच, सॉफ्टवेअर नंतर

प्रश्न : मी इतिहासात एम.ए. करते आहे, लॅटिनची दोन सत्रं झाली आहेत. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या डिजिटल आवृत्त्या तयार करायला शिकायचंय. कोणतं सॉफ्टवेअर आधी शिकू? यात नोकरी मिळते का?

उत्तर : सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकू. या क्षेत्रात टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) ही पद्धत चालते. ती एक्सएमएलवर, म्हणजे मजकुरात संगणकाला कळतील अशा खुणा घालण्याच्या भाषेवर, आधारलेली आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाची नियमावली मोफत वाचता येते, आणि रोज थोडा वेळ दिलास तर प्राथमिक खुणा लवकर अंगवळणी पडतील.

खरा घाम निघतो तो वाचनात. लेखनिक जागा वाचवायला शब्द आखडून लिहीत. लॅटिन ‘पी’च्या खालच्या दांडीला आडवी रेघ असली तर ते ‘पेर’, आणि त्याच दांडीला डावीकडे वळलेली शेपटी असली तर ‘प्रो’. शाई उडाली की ओळखणार कसं? अशा वेळी पानावर काय दिसतं, तू काय वाचलंस आणि तुझी खात्री किती, हे तिन्ही टीईआयमध्ये वेगवेगळं नोंदवता येतं. पण नोंदवायला आधी दिसायला हवं ना! त्यासाठी पुरालिपिशास्त्राचा, म्हणजे जुनी हस्ताक्षरं वाचायच्या शास्त्राचा, अभ्यासक्रम कर, आणि लॅटिन सोडू नकोस. दोन सत्रांनी भागत नाही. ट्रान्सक्रिबससारखं साधन हस्ताक्षर आपोआप वाचतं, पण त्याच्या चुका इतक्या ऐटीत येतात की कच्च्या वाचकाला त्या पटतात.

स्वित्झर्लंडमधली हस्तलिखितं ‘ई-कोडिसेस’वर मोफत पाहता येतात. छापील आवृत्ती उपलब्ध असलेल्या मजकुराचं एक पान निवड, ती न उघडता उतरवून काढ, मग ताडून बघ. नंतर त्याच मजकुराची दुसरी हस्तलिखित प्रत घे आणि पहिलीशी ताडून बघ. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दाने होत असेल, तर लेखनिकाची नजर खालच्या ओळीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. अशी एखादी गळती पकडताना मजा आली, तर हे काम तुझं. कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

नोकरीचं स्पष्ट सांगते. ग्रंथालयं, अभिलेखागारं, विद्यापीठं इथे कामं निघतात, पण बरीचशी प्रकल्पापुरती. कायमच्या जागा मोजक्या, आणि अध्यापनाच्या जागांसाठी बहुधा पीएच.डी. लागते. म्हणून एक्सएसएलटी (एक्सएमएलचं वेब पानासारख्या रूपात रूपांतर करणारी भाषा) आणि पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषाही शिकून ठेव; प्रकाशनात आणि ग्रंथालयांच्या डेटाच्या कामात दोन्ही चालतात. पुढे अर्ज करशील तेव्हा प्रमाणपत्रांबरोबर ते पूर्ण केलेलं पान जोड, आणि कुठे कोणता निर्णय का घेतलास त्याचं छोटं टिपणही.