गिरणी एक, खाती दोन

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघतो. एका छोट्या ओपन-एंड गिरणीकडून आम्ही सूत घेतो आणि आमचं वेस्ट (उरलेलं टाकाऊ सूत) तीच गिरणी विकत घेते. त्यामुळे आमच्या ईआरपीत, म्हणजे खरेदी, विक्री, हिशेब सगळं एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती दोनदा आहे, सप्लायर म्हणून आणि कस्टमर म्हणून. मध्यंतरी त्यांचा जीएसटी नंबर बदलला. खरेदीवाल्याने त्याच्या बाजूला नवा टाकला, विक्रीकडे जुनाच राहिला आणि वेस्टचं ई-इन्व्हॉइस पोर्टलने परत फिरवलं. शेठ म्हणतात, दोन्ही खाती अशी बांधा की इकडे काहीही बदललं की तिकडे आपोआप बदलेल, सगळेच्या सगळे रकाने. तसं करून घेऊ का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सगळे रकाने? अजिबात नको. काही बांधायचेच, काहींना हातही लावायचा नाही. पण त्याआधी तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली.

जुना आणि नवा नंबर एकाखाली एक लिहून बघा. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे या नंबरातलं सहावं, धंदा कुणाच्या नावावर आहे ते सांगतं : ‘पी’ असेल तर एका माणसाच्या, ‘एफ’ असेल तर भागीदारीच्या, ‘सी’ असेल तर कंपनीच्या. तुमच्याकडे ‘पी’चा ‘एफ’ झालेला दिसला तर वडिलांच्या नावावरची गिरणी आता मुलांच्या भागीदारीत गेली आहे, असं समजा. मग हा नंबरातला बदल नाही, ही नवी पार्टीच आहे. गेट तेच, फोन तोच, टेम्पोवालाही तोच, तरी नवी. जुन्या खात्यावर नवा नंबर चढवलात तर कित्येक सॉफ्टवेअरांत मागच्या वर्षीचं बिल पुन्हा छापताना त्यावर नवा नंबर उमटतो. ऑडिटच्या वेळी त्याचं उत्तर देत बसावं लागेल. नवं खातं उघडा, जुन्यावर नव्या नोंदी बंद करा आणि बाकी निघेपर्यंत ते तसंच ठेवा. डिलीट करू नका. बाकी नव्या खात्यावर वळवायची असेल तर दोन्हीकडच्या सह्यांचं पत्र घ्या.

म्हणजे शेठ म्हणतात तशी आपोआप जुळणी त्या दिवशी चालू असती तर चूक दोन्ही बाजूंना झाली असती, तीही नीटनेटकी.

आता रकाने. नाव, पत्ता, पिनकोड, पॅन, जीएसटी नंबर, फोन हे त्या पार्टीचे स्वतःचे. खरेदीकडे एक आणि विक्रीकडे दुसरे असायचं काही कारणच नाही. हे एकाच जागी लिहायचे आणि दोन्ही खात्यांनी तिथूनच घ्यायचे. उधारीचे दिवस, क्रेडिट लिमिट, दर, टीडीएस हे मात्र त्या-त्या व्यवहाराचे. सुताचे ४५ दिवस विक्रीकडे उतरले तर उद्यापासून तुमचं वेस्टही ४५ दिवसांच्या उधारीवर जाईल आणि वसुलीच्या यादीत त्याचं नावही दिसणार नाही. उलट दिशेनेही गोंधळच. गिरणी उद्यम नोंदणीतली सूक्ष्म किंवा लघु असेल तर २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. विक्रीच्या खात्यावरून आलेले ६० दिवस खरेदीत जाऊन बसले तर पेमेंटची यादी तुम्हाला वेळेवर जागं करणार नाही.

बँक खातं तर कधीच आपोआप नको. ‘आमचं खातं बदललं’ अशी मेल आली की मेलमधल्या नंबरावर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन लावा. एकाने भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. छोट्या ऑफिसात दुसरा माणूस कुठून आणू, असं विचाराल. शेठ आहेत की.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर मोठ्या कंपन्या वापरतात त्या सॅपच्या २०१५ला आलेल्या एस/४हाना या ईआरपीमध्ये हीच विभागणी आहे : वर एक बिझनेस पार्टनर, त्याखाली कस्टमर आणि सप्लायर या भूमिका. जुन्या सॅपमध्ये दोन्हींचे मास्टर (कायमच्या माहितीच्या नोंदी) वेगळे असत, म्हणून नव्यावर जाताना आधी साफसफाई करावी लागते. तुमच्या ईआरपीत दोन्ही खात्यांवर एक सामाईक पार्टी कोड टाकता आला तरी बरंचसं काम होईल. टॅलीत अनेक जण एकाच लेजरवर खरेदी-विक्री दोन्ही करतात. लहान धंद्याला चालतं, पण येणं किती आणि देणं किती हे शोधताना डोळे दुखतात.

एकाच पार्टीच्या दोन खात्यांच्या जोड्या शोधताना नावावर जाऊ नका. सोलापुरात बालाजी, मार्कंडेय, सिद्धेश्वर किती ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि श्रीनिवासच्या इंग्रजी स्पेलिंगात एच घालायचा की नाही यावर एका घरातही एकमत नसतं. पॅनवर शोधा.

आणि जुळणी अडकली तर कोण बघणार, हे आधी ठरवा. विक्रीकडे पिनकोड सक्तीचा आणि जुन्या खात्यात तो कोराच, एवढ्यावर गाडी अडते. स्क्रीनवर कुणाला काही दिसत नाही. चुकांची यादी रोज सकाळी पहिलं बिल काढण्याआधी उघडायची, आणि ती कुणी उघडायची त्याचं नाव ठरलेलं हवं.

प्रश्न : आमच्याकडे टॉवेल गोडाऊनला किलोत आणि डिस्पॅचला नगांत मोजतात. म्हणून एकाच टॉवेलचे दोन आयटम केले आहेत. चालेल?
— एक वाचक, चिंचोळी एमआयडीसी

उत्तर : नाही. स्टॉक कधीच जुळणार नाही. आयटम एक, युनिट दोन, आणि एका नगाचं ठरलेलं वजन मास्टरमध्ये एकदाच. ३० बाय ६० इंचांच्या हलक्या आणि जाड टॉवेलचे आयटम मात्र वेगळेच हवेत, वजनच वेगळं आहे. किलोवर विकत असाल तर बिल काट्यावरच्या वजनाचं करा, मास्टरमधल्या नाही.