तुझ्या नावात माझं नाव का नाही

प्रिय मनू,

परवा स्विमिंगहून येताना तू मागच्या सीटवरून विचारलंस की आई, माझ्या नावात बाबाचं नाव आहे, तुझं का नाही? मी म्हटलं राउंडअबाउटवर आहे गं, घरी गेल्यावर सांगते. घर येऊन गेलं, जेवणं झाली, तू झोपलीस, आणि मी काही बोलले नाही. म्हणून आता लिहितेय.

टीचरने हजेरीला पूर्ण नाव वाचलं आणि वर्गातली पोरं हसली, अगं हे तर तुझ्या डॅडचं नाव, ते तुझं मिडल नेम कसं? तर पहिली गोष्ट, ते मिडल नेम नाहीच. इकडे इंग्लंडमध्ये मिडल नेम म्हणजे आईबापाला आवडलेलं आणखी एक नाव, कुणाच्या पणजीचं वगैरे. आपल्याकडे मधल्या नावात आवडीनिवडीचा प्रश्नच नसतो, तिथे वडील बसतात, मुलगा असो की मुलगी. सचिन रमेश तेंडुलकर, सुनील मनोहर गावसकर, यातले रमेश आणि मनोहर म्हणजे त्यांचे वडील. नवीन माणूस भेटला की "कुणाचा रे तू?" हे आपल्याकडे विचारतातच, त्याचं उत्तर नावातच लिहून ठेवलेलं.

आता तुझा खरा प्रश्न. मुलाच्या नावात वडील जन्मभर राहतात, मुलीच्या नावात लग्नापर्यंत. मग वडील उठतात आणि तिथे नवरा येऊन बसतो, आडनावही त्याचं. तुझ्या साताऱ्याच्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं, तर स्वतःचं नावसुद्धा बदललं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. कुसुम गेली, सुनंदा आली. शाळेचा दाखला एका बाईचा आणि रेशनकार्ड दुसऱ्या बाईचं, मग कुठल्याशा पैशांसाठी तिला प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं की या दोन्ही बायका एकच आहेत. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. पण मामाचा फोन येतो ना, माझ्या मामाचा, तो अजून "कुसे" म्हणूनच सुरुवात करतो आणि आजीचा आवाज पाचवीतल्या मुलीसारखा होतो, भांडायलाच लागते ती. पुढच्या वेळी तिच्याकडे असलीस तर लक्ष देऊन ऐक.

माझ्या लग्नात मी सांगून ठेवलं होतं की नाव बदलायचं नाही. तुझ्या बाबाने तांदळात माझंच नाव लिहिलं, नीलिमाचं निलीमा करून. सगळे टाळ्या वाजवत होते, मी कुठे तिथे ऱ्हस्वदीर्घ काढत बसणार! आडनावही बदललं नाही, त्यात तत्त्व थोडं आणि कागदपत्रांचा कंटाळा जास्त, खोटं कशाला सांगू. त्यामुळे तुझ्या नावात माझा मागमूसच नाही. दोन वर्षांपूर्वी आपण दोघीच भारतातून परत आलो तेव्हा एअरपोर्टवरच्या ऑफिसरने दोन्ही पासपोर्ट बघून तुला विचारलं होतं, ही तुझी कोण? त्याचं कामच आहे ते, मुलांना कोणी पळवून नेऊ नये म्हणून विचारतात. तू जांभई देत "मम" म्हणालीस आणि त्याने आपल्याला जाऊ दिलं. मला मात्र टॅक्सीत उगीच रडू आलं, तू विचारलंस तर म्हटलं झोप झाली नाही. तेव्हापासून तुझा जन्मदाखला माझ्या पर्समध्ये असतो.

आता गंमत सांगते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर असं लिहायचं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे तिकडे आता तुझा प्रश्न कोणी विचारणार नाही. पण त्याच निर्णयात लग्न झालेल्या बाईचं नाव पूर्वीसारखंच ठेवलंय, तिचं, नवऱ्याचं, आडनाव. म्हणजे आई म्हणून मी मुलाच्या नावात आले आणि बायको म्हणून होते तिथेच राहिले. मला हे अर्धवट वाटतं. बाबा म्हणतो सुरुवात तर झाली. आमचं यावर भांडण झालंय, बाबा हरला, पण मान्य करत नाही.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही हं. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे सातवाहन राजे होते, त्यातला सगळ्यात मोठा गौतमीपुत्र सातकर्णी, म्हणजे गौतमीचा मुलगा. त्याच्या मुलाचं नाव वासिष्ठीपुत्र पुळुमावी, तोही आईच्या नावाने. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने कोरून घेतलेला लेख अजून आहे, मुलाचं इतकं कौतुक केलंय की बास! राज्य मात्र बापाकडूनच मुलाकडे जायचं. ते कोणी सोडलं नाही.

तू १ मेच्या कितीतरी आधी आणि त्यातून इकडे लीड्समध्ये जन्मलीस, तुला तो नियम नाही. पण इकडे नाव बदलता येतं, डीड पोल म्हणतात त्याला, आणि तुझा पासपोर्ट पुढच्या वर्षी रिन्यू करायचाच आहे. बाबाला विचारलं, तो म्हणाला मला काही प्रॉब्लेम नाही, मी भरतो फॉर्म. मी म्हटलं राहू दे, यावेळी माझं नाव मीच लिहीन. नाव लांबलचक होईल, हजेरी घेताना टीचरला मधे श्वास घ्यावा लागेल, पोरं पुन्हा हसतील कदाचित. तुला चालेल का ते रविवारपर्यंत सांग. आणि स्विमिंगचा टॉवेल अजून बॅगेतच आहे, तो आधी वाळत घाल.

तुझी,
आई