घरच्या जुन्या कॉम्प्युटरचा वेग वाढवण्यासाठी विंडोजच्या कोणत्या सर्व्हिसेस बंद कराव्यात?

बंद करू नका. म्हणजे करा, पण ज्या करायच्या म्हणताय त्या नको. थांबा, नीट सांगतो. सर्व्हिस म्हणजे पडद्याआड आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम.

तुम्ही लिहिलंय की विंडोज १० आहे, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क मूळचीच, चालू व्हायला तीन-चार मिनिटं लागतात, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के दिसते, ‘सर्व्हिस होस्ट’ साठ-सत्तर वेळा दिसतो तर तो व्हायरस आहे का, आणि मित्राने चाळीस सर्व्हिसेसची यादी पाठवलीय ती सरसकट बंद करू का. ही यादी माझ्या चांगली ओळखीची आहे. २०१८ च्या भाऊबीजेला मिरजेत बहिणीच्या घरी मी अशीच एक यादी मोबाईलवर उघडून तिच्या कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. त्याचे टोमणे आजतागायत खातोय, म्हणून एवढं लांबलचक उत्तर.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरचा कॉम्प्युटर २०१२ सालचा, विंडोज सातवरून दहावर आणलेला, ५०० जीबीची फिरती डिस्क. शाळेची निम्मी ऑनलाइन कामं ती रात्री घरी बसून करायची आणि कॉम्प्युटर चालू करून भाजी फोडणीला टाकायला जायची. परत येईपर्यंत डेस्कटॉप आलेला असायचा, पण माउस हलत नसायचा. ओवाळणीत साडी देण्यापेक्षा हे दुखणं काढून द्यावं असं माझ्या मनात आलं. फराळाचं ताट मांडीवर, आणि मी एकेक सर्व्हिस उघडून ‘डिसेबल्ड’ करत सुटलो. फॅक्स? घरात फॅक्स नाही, बंद. ब्लूटूथ? बंद. टच कीबोर्ड आणि हस्ताक्षराचं काहीतरी? टचस्क्रीन कुठंय, बंद. प्रिंट स्पूलर, म्हणजे छापायचं काम रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी सर्व्हिस? “ताई, प्रिंटर आहे का गं?” “नाही रे, शाळेतच काढते.” बंद. अशा एकतीस.

दाजी सोफ्यावर चिवडा खात बघत होते. म्हणाले, “मेव्हणं, इंजिन बसलंय आणि तुम्ही सीटकव्हर काढून ॲव्हरेज वाढवताय व्हय? ती डिस्क बदला की.” मी हसून सोडून दिलं. दाजी पतसंस्थेत कारकून. आयटीत मी.

फरक किती पडला? बटण दाबल्यापासून एक्सेल उघडून त्यात टाइप करता येईपर्यंत मोबाईलवर वेळ लावली होती. आधी ४ मिनिटं १० सेकंद, एकतीस सर्व्हिसेस मारल्यावर ३ मिनिटं ५५. पंधरा सेकंद! तेवढी तफावत तर दोनदा चालू केलं तरी पडते. पण मी ते कबूल केलं नाही. “आता बघ कसा पळतो” म्हणून रात्रीच्या गाडीने पुण्याला परत.

पुढे महिनाभराने ताईचा फोन, की खाली शोधायच्या चौकटीत काही टाइपच होत नाही. मी म्हटलं, कीबोर्ड खराब झाला असेल. तिने बिचारीने नवा कीबोर्ड आणला. विंडोज १० मध्ये ती टच कीबोर्डवाली सर्व्हिस नुसत्या टचस्क्रीनची नसते, स्टार्टची शोधपट्टी, सेटिंग्ज अशा ठिकाणच्या टायपिंगचाही तिच्याशी संबंध असतो, हे मला फार उशिरा कळलं. हा कीबोर्डाचा भाग दाजींना अजून माहीत नाही.

मग आली ३० एप्रिल २०१९ ची रात्र. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, झेंडावंदन आणि शाळेचा निकाल. त्या वर्षी २३ एप्रिलला सांगलीचं लोकसभेचं मतदान होतं, ताईला इलेक्शन ड्युटी लागलेली, त्यामुळे निकालाचं सगळं काम शेवटच्या आठवड्यात आलं. शाळेतला प्रिंटर नेमका बंद पडला म्हणून ती शेजारच्या मॅडमचा प्रिंटर रिक्षात घालून घरी घेऊन आली. अडतीस मुलांची प्रगतिपत्रकं एक्सेलमध्ये तयार. केबल जोडली. आणि कॉम्प्युटर म्हणतो, प्रिंटर जोडता येत नाही, स्पूलर चालू नाही.

रात्री साडेदहाला मला फोन.

“अरे, स्पूलर म्हणजे काय?”

माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, विंडोजचं बटण आणि आर एकदम दाब, चौकट येईल, त्यात लिही ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’.

“लिहिलं. सापडत नाही म्हणतंय.”

“काय लिहिलंस, अक्षरं वाच.”

तिने वाचलं. ‘डॉट’ सुद्धा स्पेलिंगसकट लिहिलं होतं. चूक तिची नव्हती, मी ‘टिंब’ म्हणायला हवं होतं. मराठीच्या बाईंना डॉट कशाला सांगायचा?

यादी उघडली, प्रिंट स्पूलर सापडला, त्यावर डबल क्लिक. “स्टार्टचं बटण पुसट दिसतंय. दाबलं तर दाबतच नाही.” इथे निम्मी माणसं अडकतात, म्हणून तुम्हालाही सांगून ठेवतो. सर्व्हिस ‘डिसेबल्ड’ असेल तर ‘स्टार्ट’ चालत नाही. आधी वरच्या ‘स्टार्टअप टाइप’मध्ये ऑटोमॅटिक निवडायचं, मग ‘अप्लाय’ दाबायचं, तेव्हा कुठे ‘स्टार्ट’ जिवंत होतं. मी घाईत अप्लाय सांगायला विसरलो आणि आम्ही दोघं दहा मिनिटं त्या पुसट बटणाशी झटापट करत बसलो. मागून दाजींचा आवाज, “मेव्हण्यांना विचार, सीटकव्हर कुठं ठेवलंय म्हणावं.”

शेवटचं प्रगतिपत्रक निघालं तेव्हा पावणेएक वाजला होता. सकाळी सातला झेंडावंदन.

आता तुमच्या यादीकडे. ही प्रथा पडली विंडोज एक्सपीच्या काळात, २००१ नंतर. तेव्हा मायक्रोसॉफ्टच १२८ एमबी रॅम असावी म्हणायचं आणि ६४ एमबीवर भागवून घ्यायचं. तिथे दोन-चार एमबी वाचले तरी जाणवायचं. शिवाय काही सर्व्हिसेस खरोखरच उपद्रवी होत्या. एक्सपीतली मेसेंजर नावाची सर्व्हिस तर इंटरनेटवरून कुणीही तुमच्या पडद्यावर जाहिरातीची चौकट टाकावी अशी उघडी होती. २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्वतःच ती बंद करून टाकली. त्या काळच्या याद्या बनवणारे लोक हुशार होते, एकेक सर्व्हिस स्वतः तपासून लिहायचे. पुढच्यांनी नुसती नक्कल मारली. वीस वर्षांत कॉम्प्युटर बदलला, यादी तीच.

आज काय होतं? रिकामी बसलेली सर्व्हिस प्रोसेसर खात नाही. वॉचमन खुर्चीत बसलाय म्हणून बिल्डिंगची लिफ्ट हळू चालत नाही. विंडोज ७ पासून तर बऱ्याच सर्व्हिसेस कुणी हाक मारल्याशिवाय उठतच नाहीत, यूएसबी जोडली, नेटवर्क आलं, की तेवढ्यापुरत्या जाग्या होतात. यादीत त्यांच्यापुढे ‘मॅन्युअल’ लिहिलेलं असतं. त्यांना डिसेबल करून तुम्ही काय वाचवता? काहीच नाही. उद्या गरज लागेल तेव्हा फक्त त्या येणार नाहीत.

आणि तो सत्तर वेळा दिसणारा सर्व्हिस होस्ट व्हायरस नाही, सर्व्हिसेस ज्याच्या आत चालतात तो विंडोजचाच प्रोग्राम आहे. पूर्वी एकाच होस्टमध्ये पाच-दहा सर्व्हिसेस दाटीवाटीने राहायच्या, एक कोसळली की सगळ्या जायच्या. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर विंडोजने बहुतेकांना वेगळी खोली दिली. माणसं तेवढीच, दारं जास्त.

मग मे महिन्याच्या सुट्टीत मी परत मिरजेला गेलो, अपराधी चेहऱ्याने. या वेळी यादीबिदी काही नाही. ‘एमएसकॉन्फिग’ ही विंडोजमधलीच सेटिंगची चौकट उघडली, सर्व्हिसेसच्या पानावर गेलो आणि तळाशी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ची खूण केली. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या एका खुणेत आहे. मायक्रोसॉफ्टचं सगळं झाकलं जातं आणि बाहेरून आलेली मंडळी तेवढी उघडी पडतात. ताईच्या कॉम्प्युटरवर काय निघावं? दोन वेगवेगळे अँटिव्हायरस, एकमेकांवर नजर ठेवून. विकून टाकलेल्या मोबाईलचं सिंक करणारं सॉफ्टवेअर. चार निरनिराळे अपडेटर. आणि कॉम्प्युटर ‘फास्ट’ करून देणारा एक फुकटातला क्लीनर. तो चालू झाल्या झाल्या पूर्ण डिस्क चाळायला घ्यायचा, ताईची भाजी फोडणीला पडायची त्याच वेळी.

क्लीनर कुणी टाकला होता? दाजींनी. ऑफिसातल्या एका पोराने पेनड्राइव्हवर दिला होता म्हणे. दुसरा अँटिव्हायरसही त्याच पेनड्राइव्हमधला.

नुसतं डिसेबल नाही केलं, रीतसर अनइन्स्टॉल केलं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून आणखी सात-आठ गोष्टी बंद केल्या. माझ्या एकतीस सर्व्हिसेस पुन्हा होत्या तशा चालू केल्या. परत वेळ लावली, २ मिनिटं ४० सेकंद. विंडोजच्या सगळ्या सर्व्हिसेस चालू असताना! मग डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची डिस्क, टाकली आणि जुन्यावरून सगळं तिच्यावर उतरवलं. ३५ सेकंद.

दाजींनी तेवढं शेवटचंच बघितलं. तेव्हापासून घरात लग्न असो की बारसं, गोष्ट एकच, “मी आधीच सांगितलं होतं, डिस्क बदला.” बरोबर, डिस्कचं मान्य. फिरत्या डिस्कला इकडचं-तिकडचं वाचायला सांगितलं की सेकंदाला शंभरेक ठिकाणी जाता जाता तिची दमछाक होते, एसएसडी हजारो ठिकाणी जाऊन येते. तुमची ती शंभर टक्के डिस्क म्हणजे बहुतेक हेच. पण “सर्व्हिसेसचा काही संबंधच नव्हता” हे जे ते पुढे जोडतात ना, ते साफ चूक आहे. ३:५५ चे २:४० कशाने झाले? सव्वा मिनिट दाजींच्या पेनड्राइव्हमधून आलेलं होतं. बंद करायच्या सर्व्हिसेस त्या होत्या, मी चुकीच्या घरात शिरलो एवढंच.

तर तुम्ही आधी ती खूण करून बघा. विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसपैकी काही कराविशी वाटलीच तर ‘सिसमेन’ (नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवणारी) एखाद दिवस थांबवून बघा, पूर्वी तिला सुपरफेच म्हणायचे. जुन्या फिरत्या डिस्कवर कधीकधी ती सुरुवातीला फार वाचत बसते. फरक नाही पडला तर परत चालू करा. टेलिमेट्रीवाली, म्हणजे वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणारी, बंद केली तरी घरात कुणाचं अडत नाही. पण क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस, डीएचसीपी क्लायंट, इव्हेंट लॉग, डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग यांच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या यादीत यातल्या दोन आहेत. शेवटची बंद केलीत तर वाय-फाय जाईल, आणि मग ती कशी चालू करायची हे शोधायला इंटरनेट नसेल. जे काही बदलाल त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढा. मी काढला असता तर मे महिन्यात एकतीस सर्व्हिसेस आठवून आठवून पूर्ववत करायला अर्धा दिवस गेला नसता.

हो, एक राहिलं. प्रिंट स्पूलर बंद करणं हा काही वेडेपणा नव्हता. २०२१ मध्ये त्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं सुरक्षेतलं मोठं भोक सापडलं, तेव्हा प्रिंटर नसेल तर स्पूलर बंदच ठेवा असं जाणकार सांगत होते. पण ते सुरक्षेसाठी, वेगासाठी नाही. आणि प्रिंटर नसला तरी तुम्ही ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरत असाल तर त्यालाही स्पूलर लागतो.

कॉम्प्युटर ऑफिसने दिलेला असेल तर यातलं काहीही करू नका. घरच्यावर टॅली किंवा डोंगलवर (यूएसबीत लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असेल, तर बाहेरून आलेल्या सर्व्हिसेसमध्ये त्यांच्या लायसन्सची किंवा डोंगलचीही एखादी असू शकते, ती ओळखून ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याचाही विचार करा. रॅम ४ ची ८ करता आली तर करा, पण पैसे एकाचेच असतील तर आधी एसएसडी.

ताईच्या एसएसडीचे चोवीसशे रुपये मी दिले होते. गोष्ट सांगताना दाजी तेवढं बरोबर गाळतात.