मुंबईत आमच्या भागातल्या मोकळ्या प्लॉटवर विकास आराखड्यात उद्यानाचं आरक्षण आहे. मग तिथे उद्यान नक्की होणार ना?

नाही, आरक्षण म्हणजे उद्यान नव्हे. जागा पालिकेच्या ताब्यात यावी लागते. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षणच रद्द होतं. ही १० वर्षं २०२८ मध्ये भरतात, म्हणून रहिवाशांनी आत्ताच वॉर्ड ऑफिसात लेखी पाठपुरावा सुरू करावा, खरंच. मोकळी जागा एकदा गेली की या शहरात परत मिळत नाही. मात्र प्लॉट आधीच पालिकेच्या मालकीचा असेल, तर ही मुदत लागू नाही. आधी मालमत्ता पत्रक, म्हणजे जागेच्या मालकीची सरकारी नोंद, बघा.